रूपकुंडचे सांगाडे : हाडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड नावाचे एक तळे आहे. तळे कसले, जेमतेम ४० मीटर व्यासाचे उथळ कुंडच ते. वर्षातले बहुतेक महिने ते गोठलेले असते. उन्हाळ्याच्या अखेरीस बर्फ वितळले की काठावरच्या दगडगोट्यांत आणि पाण्यात माणसांची हाडे दिसू लागतात. एकादोघांची नव्हे, शेकडो माणसांची. थंडीमुळे काही हाडांवर मांस आणि केसही टिकून राहिले होते.

ही माणसे कोण होती? जिथे ना गाव ना शेत अशा जागी ती कशाला गेली? आणि मेली कशाने? या प्रश्नांची उत्तरे शोधणे गेली आठ दशके चालू आहे. या काळात उत्तर एकदा नव्हे, अनेकदा बदलले. असे काही कानावर आले की वर्गातला एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरेच सांगतात. मग खरे काय मानायचे?" शिक्षकांच्या खोलीतही हा प्रश्न ऐकू येतो. तो उडवून लावण्यासारखा मुळीच नाही. रूपकुंडचे उत्तर प्रत्येक वेळी का बदलले हे नीट पाहिले, तर त्या प्रश्नाला देता येण्याजोगे उत्तर सापडते.

पहिले तर्क

सन १९४२ मध्ये वनखात्यातील अधिकारी हरिकिशन मधवाल यांच्या नजरेस ही हाडे पडली आणि बाहेरच्या जगाला रूपकुंड माहीत झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. त्याच वर्षी जपानने ब्रह्मदेश घेतला होता. त्यामुळे हे चोरट्या वाटेने भारतात शिरणारे जपानी सैनिक असावेत, अशी शंका प्रथम आली. पण हाडे इतकी ताजी नव्हती, हे लवकरच ध्यानात आले.

मग इतिहासातून दुसरे नाव पुढे आले. डोग्रा सेनापती जोरावरसिंग याने १८४१ साली तिबेटवर स्वारी केली होती. त्या मोहिमेत तो मारला गेला आणि त्याच्या सैन्याची वाताहत झाली. परतीच्या वाटेवर भरकटलेले त्याचे सैनिक इथे गाडले गेले असतील का? हा तर्क ऐकायला पटण्यासारखा होता. पण सांगाड्यांमध्ये स्त्रियाही होत्या, आणि लढाईची हत्यारे म्हणावीत असे काही आढळले नाही. फौजेच्या तर्काला या दोन्ही गोष्टी प्रतिकूल होत्या.

तिसरे उत्तर गढवालच्या लोककथेत आधीपासूनच होते. नंदादेवीची राजजात नावाची मोठी यात्रा साधारण बारा वर्षांनी निघते. तिची वाट रूपकुंडावरूनच जाते. कथेप्रमाणे कनौजचा राजा जसधवल आपली गरोदर राणी, नोकरचाकर आणि नर्तकी यांना घेऊन यात्रेला निघाला. त्याच्या वागण्याने देवी कोपली आणि तिने लोखंडासारख्या कठीण गारांचा वर्षाव करून सगळ्यांना मारले.

विसाव्या शतकाच्या मध्याला लखनौचे मानववंशशास्त्रज्ञ धी. ना. मजुमदार यांच्यासारख्या अभ्यासकांनी येथील अवशेषांचा अभ्यास केला. सुरुवातीच्या कालमापनातून ही हाडे ५०० ते ८०० वर्षांपूर्वीची असावीत असा मोघम अंदाज निघाला. मोघम असला तरी त्याने एक काम केले. मृत्यू जपान्यांच्याही आधीचा आणि जोरावरसिंगाच्याही आधीचा असावा, असे दिसू लागले.

हाडे वाचतात कशी?

जुन्या हाडांकडे पाहून तज्ज्ञ काय काय ओळखू शकतो? कटीची हाडे आणि कवटी यांच्या घडणीवरून स्त्री की पुरुष याचा अंदाज बांधता येतो. दातांची वाढ व झीज, हाडांची टोके जुळली आहेत की नाहीत, कवटीतील सांधे कितपत मिटले आहेत, यांवरून वय कळते. लहान वयात ते बऱ्यापैकी अचूक कळते, प्रौढ वयात ढोबळ. काही आजार आणि कुपोषण हाडांवर व दातांवर खुणा ठेवतात. मात्र पटकी किंवा तापासारखा थोड्या दिवसांत जीव घेणारा आजार हाडावर काहीच न लिहिता निघून जातो.

इजेचे वाचन तर फारच उद्बोधक आहे. माणूस जिवंत राहिला तर मोडलेल्या हाडाच्या कडेने काही आठवड्यांत नवे हाड धरू लागते आणि कडा गुळगुळीत होतात. अशी खूण असली तर जखम होऊनही माणूस जगला. खूण नाही, पण ओल्या हाडासारखी मोड आहे, तर ती इजा मृत्यूच्या सुमाराची. आणि वाळलेले हाड पुढे कधीतरी दगडाखाली फुटले, तर त्याची मोड आणखी वेगळी दिसते. ओली फांदी आणि वाळकी काटकी मोडून पाहा, हा फरक मुलांच्या लगेच लक्षात येईल.

सन २००४ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीच्या पुढाकाराने एक मोहीम रूपकुंडला गेली. तीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील मानववंशशास्त्रज्ञ सुभाष वाळिंबे आणि त्यांचे सहकारी होते. त्यांना काही कवट्यांवर न भरलेल्या इजा आढळल्या. त्या गोलसर, बोथट वस्तूच्या आघाताने झाल्यासारख्या होत्या. हत्याराचा घाव असा नसतो. दरड कोसळून चेंगरलेल्या माणसाच्या इजाही अशा नसतात. मग आकाशातून गोल आणि जड असे काय पडते? गारा! क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारा, आणि आसऱ्याला ना झाड ना गुहा. ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने हाडांचे वय काढले. ते इ. स. ८५० च्या आसपास, तीस वर्षे अलीकडे-पलीकडे, असे निघाले. हैदराबादच्या पेशी आणि रेणुजीवशास्त्र केंद्राने काही नमुन्यांतील डीएनए तपासला. एक मोठा, परस्परांच्या नात्यातला यात्रेकरूंचा गट आणि सोबत स्थानिक हमाल व वाटाडे, असे चित्र पुढे आले. काही नमुन्यांचे महाराष्ट्रातील एका समाजाशी साम्य असल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या.

लोककथेतल्या गारा आणि कवट्यांवरच्या इजा जुळल्या होत्या. गूढ उकलले, असे सर्वत्र छापून आले. पुस्तकांत, माहितीपटांत आणि प्रवासवर्णनांत हीच हकीकत सांगितली जाऊ लागली.

एक साधी शंका

इथे कुणी एक साधा प्रश्न विचारला असता तर? "अशा इजा किती कवट्यांवर होत्या?" पुढे प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय अहवालात हा आकडा आला. न भरलेली, दबून झालेली अशी इजा तीन व्यक्तींमध्ये आढळली होती. ती गारांशी जुळते हे खरे. पण तळ्यातल्या माणसांच्या संख्येचे अंदाज ३०० पासून ८०० पर्यंत आहेत. तिघांच्या मृत्यूचे संभाव्य कारण ते सगळ्यांच्या मृत्यूचे कारण ठरत नाही. गारपीट झालीच नाही असाही याचा अर्थ नाही. पुरावा जेवढ्यांचा आहे, निष्कर्षही तेवढ्यांचाच, इतकेच.

वयाचेही तसेच. कार्बन-१४ ची पद्धत अनेक वाचकांना माहीत असेल. जिवंत प्राणी अन्नातून कार्बन घेत असतो आणि त्यात थोडासा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. मृत्यूनंतर नवी भर थांबते आणि असलेला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. उरलेले प्रमाण मोजले की मृत्यूचा काळ कळतो. वातावरणातले कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळी सारखे नसल्याने, वय माहीत असलेल्या झाडांच्या वलयांवरून त्यात दुरुस्ती करावी लागते. पद्धत भरवशाची आहे. पण ती सांगते काय? ज्या हाडाचा तुकडा यंत्रात घातला त्याचे वय. शेजारच्या हाडाचे नव्हे.

या सर्व तपासामागे एक गृहीत होते आणि ते कुणी मुद्दाम मांडलेही नव्हते. "ही माणसे कधी मेली?" या प्रश्नातच ते दडले होते. ही माणसे म्हणजे एक जथा, आणि मरण एकाच वेळी आलेले, हे सर्वांनी धरून चालले होते.

सन २०१९

ऑगस्ट २०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात रूपकुंडविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात हैदराबादचे कुमारसामी थंगराज, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील नीरज राय, डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, अमेरिकेतील हार्वर्डचे डेव्हिड राइक आणि एडीन हार्नी असे अनेक देशांतले संशोधक होते. पूर्वीच्या डीएनए तपासणीत मुख्यतः आईकडून येणारा छोटा भाग पाहिला जात असे. त्यावरून फक्त आई, आजी, पणजी अशी एकच शाखा दिसते. या वेळी पेशीकेंद्रातील संपूर्ण जनुकसंचावर पसरलेल्या लक्षावधी जागांची माहिती घेण्याचा प्रयत्न होता. ३८ व्यक्तींची अशी माहिती मिळाली. त्यांपैकी २३ पुरुष आणि १५ स्त्रिया होत्या.

निष्कर्ष खुद्द संशोधकांनाही अनपेक्षित होता. ३८ पैकी २३ जणांचा वंश दक्षिण आशियाई निघाला. १४ जणांचा वंश भूमध्य समुद्राच्या पूर्व भागातला निघाला. आजच्या लोकांत त्यांचे सर्वांत जवळचे साम्य ग्रीस आणि क्रीट बेटावरील लोकांशी होते. उरलेल्या एका व्यक्तीचा वंश आग्नेय आशियाई होता.

कालमापनही प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्रपणे केले गेले. दक्षिण आशियाई गट इ. स. ८०० च्या सुमाराचा होता. पण तोही एका दिवशी मेलेला नव्हता. काहींचा काळ सातव्या-आठव्या शतकातला, तर काहींचा नवव्या शतकाच्या अखेरचा वा दहाव्या शतकातला होता. म्हणजे किमान दोन वेगळ्या घटना. भूमध्यसागरी गट आणि तो एकटा आग्नेय आशियाई हे तर इ. स. १८०० च्या आसपासचे निघाले. दोन गटांत सुमारे एक हजार वर्षांचे अंतर!

आणखी एक गोष्ट. या ३८ जणांत जवळचे रक्ताचे नाते असलेली एकही जोडी सापडली नाही. दक्षिण आशियाई गटातील लोकही एका जमातीचे नव्हते, उपखंडातील वेगवेगळ्या समूहांतले होते. नात्यातल्या जथ्याची कल्पना इथे टिकली नाही.

आधीचे शास्त्रज्ञ चुकले होते का? ऑक्सफर्डने मोजलेले इ. स. ८५० हे वय चुकीचे नव्हते. मोजलेली हाडे त्याच काळातली होती. उपकरणही ठीक आणि गणितही ठीक. सगळे एकाच वेळचे, हे गृहीत तेवढे चुकीचे होते.

शंका आणि त्यांची तपासणी

हिमालयात ग्रीक वंशाची माणसे, हे वाचल्यावर कुणीही भुवया उंचावील. लोकांनी घेतलेल्या आणि घेता येण्याजोग्या काही शंका पाहू.

पहिली शंका : हे सिकंदराच्या सैनिकांचे वंशज असतील का? सिकंदर भारतात आला इ. स. पूर्व ३२६ मध्ये. इ. स. १८०० पर्यंत एकवीस शतके होतात. इतक्या पिढ्या इथे राहिलेल्या लोकांत स्थानिकांशी लग्नसंबंध होऊन दक्षिण आशियाई वंशाचा अंश ठळक दिसायला हवा. तो दिसत नाही. तेव्हा ही माणसे स्वतः किंवा त्यांचे जवळचे पूर्वज बाहेरून आलेले असणार.

दुसरी शंका : हाडे हाताळणाऱ्या एखाद्या परदेशी संशोधकाचाच डीएनए त्यांत मिसळला नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे, आणि या क्षेत्रातले लोक ती रोजच घेतात. जुन्या डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात आणि त्या तुकड्यांच्या टोकांना ठराविक प्रकारची मोडतोड असते. ताज्या डीएनएत ती नसते. त्यावरून भेसळ ओळखता येते. शिवाय भेसळीने डीएनए बदलेल, पण हाडाचे कार्बन-१४ वय बदलणार नाही. इथे तर डीएनएवरून वेगळे ठरलेले गट वयानेही वेगळे निघाले.

तिसरा पुरावा अन्नाचा होता. ज्वारी, बाजरी, नाचणी या वनस्पती हवेतला कार्बन ज्या रीतीने घेतात ती गहू, जव, तांदूळ यांच्यापेक्षा निराळी आहे. त्यामुळे त्यांच्यातील कार्बन-१३ या जड समस्थानिकाचे प्रमाण वेगळे असते. हा फरक खाणाऱ्याच्या हाडात उतरतो. भाकरी खाणारा आणि भात-पोळी खाणारा हाडावरून ओळखता येतो म्हणा ना! दक्षिण आशियाई गटातील लोकांचा आहार निरनिराळा होता. काहींच्या जेवणात भरड धान्यांचा वाटा मोठा होता, काहींच्या नव्हता. भूमध्यसागरी गटाचा आहार मात्र एकसारखा, गहू-जव-तांदूळ या प्रकारचा होता. वंश, वय आणि अन्न या तीन वेगवेगळ्या तपासण्यांनी हाडांची वाटणी एकाच रेषेवर केली. निष्कर्षाची खरी ताकद या जुळण्यात आहे.

चौथी शंका : संग्रहात ठेवताना दुसरीकडची हाडे या पेटीत आली नसतील का? ही शंका केवळ प्रयोगशाळेत बसून पुरती मिटवता येत नाही. तिचे खरे उत्तर तळ्यावर पुन्हा जाऊन, प्रत्येक हाड कुठे मिळाले याची नोंद ठेवून नवे नमुने घेणे, हेच. शंका घेणाऱ्याने 'काय दाखवले तर मी मानेन' हे सांगितले, की त्याची शंका संशोधनाला उपयोगी पडते. 'हे सगळे खोटेच' असे म्हणून थांबले, तर तिथे तपासण्यासारखे काही उरत नाही.

अजून न सुटलेले

नवव्या शतकाच्या सुमाराचे लोक यात्रेकरू असावेत, या तर्काला आधार आहे. परिसरातील देवळांत आठव्या ते दहाव्या शतकांतले शिलालेख आहेत आणि ते यात्रेच्या प्राचीनतेकडे बोट दाखवतात. पण १८०० च्या सुमारास भूमध्यसागरी स्त्रीपुरुष तिथे का गेले, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. १८०४ ते १८१५ या काळात गढवालवर गुरख्यांचा अंमल होता, पुढे इंग्रज आले. अशा जथ्याचा उल्लेख करणारा कागद पुढे आलेला नाही. साथ आली असेल का, म्हणून हाडांत रोगजंतूंचा डीएनएही शोधला गेला. तो मिळाला नाही. अर्थात न मिळणे म्हणजे साथ नव्हतीच असे नाही. वंश, वय, अन्न हे हाडे सांगतात. माणसे कशाच्या ओढीने निघाली, हे हाडांवर लिहिलेले नसते. तिथे कागदपत्रे, शिलालेख आणि लोकगीते यांच्याकडेच वळावे लागते.

एक नुकसान मात्र भरून निघणारे नाही. उत्खननात प्रत्येक वस्तू कोणत्या थरात आणि कशाशेजारी होती, याला फार मोल असते. रूपकुंडला दरडी आणि वितळते बर्फ यांनी हाडे हलवलीच, पण माणसांनीही ती हलवली. गिर्यारोहकांनी छायाचित्रासाठी कवट्यांचे ढीग रचले, काहींनी आठवण म्हणून हाडे घरी नेली. कोणती कवटी कोणत्या धडाची, हे त्यामुळे कायमचे पुसले गेले. सहलीला नेलेल्या मुलांना लेण्यांत, किल्ल्यावर किंवा पांढरीच्या टेकाडावर काही उचलू नका असे आपण सांगतो, त्यामागचे कारण रूपकुंडच्या उदाहरणाने चांगले समजावता येईल. शिवाय ती कुणाच्या तरी घरची माणसे होती, हेही सांगायला हवे.

वर्गात करून पाहा

एका पिशवीत २३ हरभरे, १४ वाटाणे आणि १ राजमा असे ३८ दाणे घाला. आत काय आहे हे मुलांना सांगू नका. एकेका मुलाला न पाहता तीन दाणे काढायला सांगा. दाणे पाहून पिशवीत काय असेल हे त्याने वहीत लिहावे आणि दाणे परत टाकावेत. साधारण पाच मुलांपैकी एकाला तिन्ही हरभरेच मिळतील आणि तो ठामपणे लिहील, "पिशवीत हरभरे आहेत." राजमा तर बहुतेकांना दिसणारच नाही. मग सर्वांच्या नोंदी फळ्यावर मांडा आणि विचारा : हरभरे लिहिणाऱ्याने पाहण्यात चूक केली का? दाणे मोजण्यात केली का? मग चुकले कुठे?

मोठ्या वर्गांत तीनऐवजी सहा, दहा असे दाणे काढून पाहता येईल. दाणे वाढतील तशी उत्तरे कशी बदलतात आणि कशी एकमेकांजवळ येतात, हे मुलांनाच शोधू द्या. त्यानंतर त्यांना रूपकुंडची गोष्ट सांगा. "शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरे," असे एखाद्याने म्हटले, तर त्याला एवढेच विचारा की मधल्या काळात पिशवीतून किती दाणे जास्त काढले गेले.